गाडीला जादा लाइट लावताय? आधी विचारा, फ्यूज कुठंय?



मागच्या टोमॅटोच्या हंगामातली गोष्ट. आंबेगावच्या पूर्व भागातल्या आपल्या एका गटानं बँकेचं कर्ज काढून पिकअप घेतली आहे. नारायणगावच्या बाजारात माल वेळेवर पोचवायचा म्हणजे क्रेट अंधारातच भरावे लागतात. शेजारी ऊस, आणि आपल्याकडं ऊस म्हटला की बिबट्याची धास्ती आलीच. म्हणून गाडीच्या मागच्या बाजूला दोन एलईडी लाइट बसवून घेतले. काम छान झालं, भरताना उजेड पडायला लागला.

तीन आठवड्यांनी बाजाराच्या वाटेवर सीटखालून धूर यायला लागला. गाडी एका ताईंचा मुलगा चालवत होता. त्यानं गाडी बाजूला घेतली, चावी बंद केली, तरी धूर थांबेना. शेवटी पान्यानं बॅटरीची वायर काढली तेव्हा कुठं थांबला. कुणाला इजा झाली नाही. पण आतल्या वायरी जळाल्या, गाडी आठ दिवस बंद राहिली, भाडं बुडलं. बँकेचा हप्ता मात्र त्याच तारखेला आला.

बैठकीत मी विचारलं, "लाइट कसे जोडले होते?" उत्तर आलं, "ते गडीमाणसांनी बघितलं, आपल्याला त्यातलं काय कळतंय?" खरं सांगते, मलाही कळत नव्हतं. समाजकार्याच्या पदवीत वायरिंग शिकवत नाहीत. मग मी एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या गॅरेजमध्ये अर्धा दिवस बसले आणि विचारून घेतलं. तेच इथं लिहिते. कर्जाच्या कागदावर सह्या आपल्या आहेत, तर गाडीत काय जोडलंय हेही आपल्याला माहीत हवं.

बारा व्होल्टला कसली भीती?

घरातली वीज 230 व्होल्टची, तिचा शॉक बसतो. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची, तिला हात लागला तर सहसा शॉक बसत नाही. म्हणून सगळे तिला हलक्यात घेतात. पण स्टार्टर मारताना हीच बॅटरी शंभराहून जास्त अँपिअर करंट देते. एवढा करंट बारीक वायरीतून गेला तर वायर क्षणात लाल होते आणि तिच्यावरचं प्लास्टिक पेट घेतं.

त्या पिकअपमध्ये हेच झालं. लाइटची वायर थेट बॅटरीवरून घेतली होती. ती पत्र्याच्या कडेला घासून सोलली आणि उघडी तार गाडीच्या बॉडीला टेकली. गाडीची सगळी बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते, म्हणजे झाला शॉर्ट. वायर थेट बॅटरीवरून असल्यानं चावी बंद करून उपयोग नव्हता.

फ्यूज म्हणजे कालव्याचं दार

डिंभ्याच्या कालव्यावरून चारीला पाणी घेताना दार कुठं असतं? कालव्याच्या तोंडाशी. दार चारीच्या शेवटाला बसवलं आणि चारी मधेच फुटली, तर पाणी थांबणार कसं? फ्यूजचंही तसंच आहे. वायरीतून नको तेवढा करंट जायला लागला की फ्यूजमधली पट्टी वितळते आणि करंट तुटतो. पण फ्यूजच्या अलीकडची, म्हणजे बॅटरीकडची वायर त्याच्या राखणीत येत नाही. म्हणून फ्यूज लाइटजवळ नको, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा. त्या गाडीत असा फ्यूज असता तर तो उडाला असता, लाइट बंद पडले असते आणि गोष्ट तिथंच संपली असती.

किती अँपिअरचा फ्यूज लावायचा, याचा हिशोब आपल्या गटाच्या व्याजापेक्षा सोपा आहे. लाइटच्या वॅटला 12 नं भागायचं.

- 18 वॅटचे दोन एलईडी: 36 भागिले 12, म्हणजे 3 अँपिअर. फ्यूज 5 चा.
- 55 वॅटचे दोन हॅलोजन: 110 भागिले 12, म्हणजे साधारण 9 अँपिअर. फ्यूज 15 चा.

आकडा फ्यूजवरच लिहिलेला असतो. रंगही ठरलेले आहेत: 5 चा बदामी, 10 चा लाल, 15 चा निळा. फ्यूज सारखा उडत असेल तर वायरीत दोष आहे असं समजा. मोठा फ्यूज, तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावून काम भागवू नका. ते म्हणजे दार उघडं ठेवून झोपणं.

बाकी काय बघायचं?

वायर: गाडीसाठीची, बारीक तारांची मऊ वायर घ्यावी. एलईडीला दीडची, हॅलोजनला अडीचची. घरच्या वायरिंगमधली एकेरी जाड तार गाडीच्या हादऱ्यानं तुटते.

वायरीची वाट: पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबरी बुश हवा, बाकी वायर प्लास्टिकच्या नळीतून न्यावी. सायलेन्सरपासून लांब, आणि जागोजागी बांधलेली. जोड नुसते पिळून टेप मारलेले नकोत, टेप उन्हानं सुटते. दाबून बसवलेले टर्मिनल हवेत.

अर्थिंग: निगेटिव्ह वायर बॉडीला जिथं जोडतात तिथला रंग खरवडून बोल्ट घट्ट करावा. लाइट मिणमिणत असेल तर बहुतेक वेळा दोष इथं असतो. ट्रॉलीच्या लाइटला वेगळी निगेटिव्ह वायर न्यावी, हुकाच्या गंजक्या लोखंडावर भरवसा नको.

रिले: हॅलोजनचा सगळा करंट छोट्या स्विचमधून नेला तर स्विच तापून वितळतो. रिले मधे बसवला की स्विच फक्त इशारा देतो आणि मोठा करंट रिलेतून जातो. स्विचची वायर चावीनंतरच्या लाइनवरून घ्यायला सांगा, म्हणजे चावी काढली की लाइटही बंद. नाहीतर रात्रभर राहिलेला लाइट सकाळी बॅटरी उतरवून ठेवतो.

स्वतः हात लावणार असाल तर

आधी हातातल्या धातूच्या बांगड्या, पाटल्या, अंगठी काढा, मंगळसूत्र आणि पदर आत खोचा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातू आला तर तो तापून लाल होतो आणि हात भाजतो. काढताना निगेटिव्ह वायर आधी, जोडताना निगेटिव्ह सगळ्यांत शेवटी. असं केलं की पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. चार्जिंग होताना बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे जवळ काडी, विडी, दिवा नको. आतलं ॲसिड अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि दवाखान्यात जा.

उजेड हवा, पण कुठं?

मागचा लाइट माल भरण्यापुरता वापरावा, रस्त्यावर बंद. पुढच्या बाजूला सर्चलाइट लावायचा असेल तर नियमानुसार आरटीओची आधी परवानगी लागते. झगमगीत लाइटनं समोरच्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपतात, आणि त्या दुचाकीवर आपलंच कुणीतरी असतं. ट्रॉलीला मागं लाल रिफ्लेक्टर लावा. त्याला वायरही लागत नाही.

पुढच्या बैठकीत

ज्या गटांकडं पिकअप, छोटा हत्ती किंवा ट्रॅक्टर आहे, त्यांनी बैठकीनंतर गाडीचं बॉनेट उघडून किंवा सीट उचलून बॅटरी बघा. जादा वायर दिसली की तीन प्रश्न विचारा: फ्यूज कुठंय? किती अँपिअरचा? वायर कुठं घासतेय का? उत्तर मिळालं नाही, तर फ्यूज बसेपर्यंत ती वायर काढून ठेवायला सांगा. फ्यूज आणि होल्डरचा खर्च फार नाही, जळालेल्या गाडीचा हप्ता मात्र वर्षानुवर्षं भरावा लागतो.

त्या गटानं आता फ्यूज बसवून घेतलाय. बसवताना दोन ताई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. मेकॅनिक आधी हसला, मग त्यानंच सगळं समजावून सांगितलं.

तुमची,
क्षेत्र समन्वयक