जुना संगणक आणि मुक्त कार्यप्रणाली

अमरावती व अकोला या शहरांतील पुष्कळ घरीं आज एक तरी जुना संगणक आढळतो. थोरल्या भावानें त्यावर अभ्यास केला, वडिलांनीं दुकानाचे हिशेब लिहिले, आईनें लग्नकार्यांचीं छायाचित्रें त्यांत सांठविलीं. आणि आतां तो कोपऱ्यांत धूळ खात पडला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित आधार बंद केला. पुढील ‘विंडोज ११’ ही प्रणाली टी. पी. एम. २.० नामक सुरक्षा-व्यवस्था व ठराविक नवे प्रोसेसर मागते. त्यामुळें चांगलीं चालणारीं कित्येक यंत्रें तिच्या दाराबाहेर राहिलीं. अशा वेळीं पालकांपुढें प्रश्न उभा राहतो कीं, पदरचे हजारों रुपये घालून नवा संगणक घ्यावा, कीं दिवसेंदिवस असुरक्षित होत जाणाऱ्या यंत्रावरच बँकेचे व्यवहार चालू ठेवावे? या दोहोंखेरीज तिसरा एक मार्ग आहे. तो समजावून सांगावा, याकरितां आम्ही हा लेख लिहीत आहों.

कार्यप्रणाली, जिला सर्व जण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, ती म्हणजे काय हें प्रथम पाहूं. कळफलक, पडदा, हार्ड डिस्क, प्रिंटर हे संगणकाचे निरनिराळे अवयव होत. त्या सर्वांकडून वेळच्या वेळीं काम करून घेणारा कारभारी म्हणजे ही प्रणाली. कारभारी बदलला म्हणून वाडा पाडावा लागत नाहीं. तद्वत् प्रणाली बदलली म्हणून यंत्र टाकून द्यावें लागत नाहीं.

अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ‘ग्नू’ नांवाच्या मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. पुढें १९९१ सालीं फिनलंड देशांतील हेलसिंकी विद्यापीठाचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा रचून सर्वांस खुला केला. या दोहोंच्या मिलाफांतून आज वापरांत असलेल्या अनेक प्रणाली निर्माण झाल्या. त्यांपैकीं डेबियनचा आरंभ १९९३ सालीं, उबुंटूचा २००४ सालीं व लिनक्स मिंटचा २००६ सालीं झाला.

या प्रणालींस मुक्त कां म्हणतात, हें आम्हां वऱ्हाडांतील लोकांस कपाशीच्या उदाहरणानें सहज कळेल. संकरित सरकी दर वर्षीं नवी विकत घ्यावी लागते, कारण तिच्या पुढील पिढींत मूळचा जोम राहत नाहीं. उलट अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या ‘रजत’सारख्या सरळ वाणाचें बियाणें शेतकरी राखून ठेवूं शकतो, पुन्हां पेरूं शकतो, शेजाऱ्यास देऊं शकतो. मुक्त प्रणालीचा परवाना असेच चार हक्क देतो: ती हव्या त्या कामास वापरावी, तिची घडण उघडून अभ्यासावी, तिच्या प्रती इतरांस द्याव्या आणि तींत सुधारणा करून ती सुधारणाही वांटावी. भेद इतकाच कीं, दिलेलें बियाणें देणाऱ्याच्या कणगींतून कमी होतें. प्रणाली वांटली असतां तिळभरही कमी होत नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. लिनक्स मिंटला किमान २ जी. बी. रॅम व २० जी. बी. जागा लागते, ४ जी. बी. रॅम असल्यास काम सुखानें चालतें.

पहिलें काम हें कीं, संगणकांतील छायाचित्रें, हिशेब व कागदपत्रें बाहेरील डिस्कवर उतरवून घ्यावीं आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकास लावून प्रत्येक फाईल खरोखर उघडते कीं नाहीं, हें पाहावें. उतरविलेली प्रत उघडून पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबूं नये. प्रणाली पुन्हां मिळेल; गेलेल्या आजोबांचें छायाचित्र पुन्हां मिळणार नाहीं.

दुसरें काम, प्रणालीची फाईल तिच्या मूळ स्थळावरूनच उतरवावी. तिच्याबरोबर ६४ अक्षरांची एक खूण दिलेली असते. आपल्या फाईलीची खूण काढून ती तिच्याशीं ताडून पाहावी. उतरवितांना फाईलींत किंचितही बिघाड झाला असेल, तर खूण जुळत नाहीं.

तिसरें, ‘रूफस’सारख्या साधनानें ती फाईल ८ जी. बी.च्या पेनड्राईव्हवर चढवावी. या कृतीनें पेनड्राईव्हवरील पूर्वींचें सर्व पुसलें जातें, हें ध्यानीं ठेवावें. नंतर संगणक बंद करून पुन्हां सुरू करतांना एफ-१२, एफ-२, एस्केप किंवा डिलीट यांपैकीं आपल्या यंत्रास लागू असलेली कळ दाबावी व पेनड्राईव्हवरून आरंभ करण्यास सांगावें. आतां नवी प्रणाली पेनड्राईव्हवरूनच चालूं लागते. हार्ड डिस्कला अद्याप धक्का लागलेला नसतो. याच वेळीं आवाज, वाय-फाय व प्रिंटर चालतात कीं नाहीं, तें पाहून घ्यावें. कांहीं अडल्यास यंत्र बंद करावें. सर्व पूर्ववत् असतें.

चौथें काम खऱ्या स्थापनेचें. येथें पडद्यावर महत्त्वाचा प्रश्न येतो: जुन्या प्रणालीच्या शेजारीं नवी बसवावी, कीं सर्व डिस्क पुसून टाकावी? शेजारीं बसविणें म्हणजे एकाच शेतांत नवा धुरा घालून दोन वाटण्या करणें होय. पुसून टाकणें हें सबंध शेत नांगरण्यासारखें आहे. मागाहून पश्चात्ताप करून उपयोग नाहीं. म्हणून हें उत्तर मुलांनीं एकट्यानें देऊं नये. घरांतील वडील माणसांस जवळ बसवून, मजकूर वाचून दाखवून मगच द्यावें.

धुरा घालण्याचें काम चालू असतां वीज गेल्यास दोन्ही वाटण्या बिघडण्याचा संभव असतो. आपल्याकडील वीज उन्हाळ्यांत केव्हां जाईल याचा नेम नसतो; यास्तव संगणक यू. पी. एस. अथवा इन्व्हर्टरवर असावा. वैशाखांत हें काम सकाळच्या थंड वेळीं करावें, व तत्पूर्वीं यंत्राच्या पंख्यावरील धूळ काढावी.

या प्रणालींत मराठीची सोय आहे. मेनूंचें मराठी भाषांतर बव्हंशीं स्वयंसेवकांनीं केलें आहे. देवनागरीसह अनेक भारतीय लिपींचे ‘लोहित’ टंक रेड हॅट कंपनीनें २००४ सालीं मुक्त परवान्यानें खुले केले. लेखनासाठीं इन्स्क्रिप्ट कळफलक तयार असतो. पत्रें व हिशेब यांसाठीं लिब्रेऑफिस आहे, आणि लहान मुलांसाठीं जी-काँप्री नांवाचा खेळांतून शिकविणारा संच आहे.

तथापि सर्वच सुलभ आहे, असें सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या व्यापाऱ्यानें विंडोज काढून टाकूं नये. तेथें दोन्ही प्रणाली शेजारीं ठेवाव्या, व जुन्या विंडोजवर असतां इंटरनेट शक्य तितकें टाळावें. डिजिटल सहीचीं कांहीं साधनें नव्या प्रणालींत चालत नाहींत. युनिकोडपूर्वींच्या टंकांत लिहिलेलीं जुनीं मराठी पत्रें तो टंक नसल्यास निरर्थक चिन्हांसारखीं दिसतात. तीं आधींच युनिकोडमध्यें रूपांतरित करून घ्यावीं.

विद्यार्थिमित्रहो, पैसे वांचतात हा या मार्गाचा लहान लाभ होय. मोठा लाभ हा कीं, ज्या यंत्रापुढें आपण तासन् तास बसतों, त्याच्या आंत काय चालतें तें पाहण्याची कोणी मनाई करीत नाहीं. मेनूंतील एखादा मराठी शब्द खटकला, तर अधिक चांगला शब्द सुचविण्याचा मार्ग अमरावतीच्या मुलीस जितका मोकळा आहे, तितकाच हेलसिंकीच्या प्राध्यापकास आहे. पालकांस आमची विनंति इतकीच कीं, जुना संगणक भंगारांत घालण्यापूर्वीं एक रविवार मुलांसह त्यापुढें बसावें. आधीं छायाचित्रें व हिशेब सुरक्षित ठेवावे, आणि मग मुलांचा हात धरून पुढील कळ दाबावी.