तपासणीनंतरच्या कागदाचे काय होते?

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाची आग देशाच्या स्मरणात राहिली ती १३ जून १९९७ या तारखेने. त्या दुपारी ५९ माणसे गेली. बहुतेक ज्वाळांनी नव्हे, धुराने गुदमरून. सरकारी कागदपत्रे वाचण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला मात्र या प्रकरणातील दुसरीच नोंद अधिक अस्वस्थ करते. ती आहे जून १९८३ ची. राजधानीतील एका उंच इमारतीला आग लागल्यानंतर शहरातील चित्रपटगृहांची पाहणी झाली. उपहारमध्ये गंभीर त्रुटी आढळल्या. परवाना अधिकाऱ्याने त्यासह बारा चित्रपटगृहांचे परवाने चार दिवसांसाठी निलंबित केले. मालकांनी उच्च न्यायालयातून स्थगिती मिळवली. स्थगिती राहिली, त्रुटीही राहिल्या आणि पुढील चौदा वर्षे तात्पुरत्या परवान्यांवर तेथे खेळ होत राहिले.

म्हणजे तपासणी झालीच नव्हती, असे नाही. ती झाली होती आणि तिने नेमके जे पाहायचे तेच पाहिले होते. डिसेंबर २०११ मध्ये कोलकात्याच्या ढाकुरिया भागातील रुग्णालयात नव्वदच्या आसपास लोक मृत्युमुखी पडले. तेथे वाहनांसाठी मंजूर झालेल्या तळघरात ज्वालाग्राही सामान साठवले होते, आणि ते हलवण्याची सूचना आगीच्या काही महिने आधीच दिली गेली होती. मे २०२४ मध्ये राजकोटच्या खेळकेंद्रात २७ जण होरपळले. ते अनधिकृत बांधकाम हटवण्याची नोटीस त्यापूर्वी जवळजवळ वर्षभर निघालेली होती. आपल्याकडे प्रत्येक आगीनंतर तपासण्या वाढवण्याची मागणी होते. मला वाटते, प्रश्न संख्येचा कमी आणि तपासणीनंतरच्या कागदाचा अधिक आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे कौटिल्याची आठवण होते. अर्थशास्त्रातील नागरकाच्या कर्तव्यांत आगीची काळजी तपशिलाने आली आहे. पाण्याची भांडी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा, पखाल अशी साधने घरात असावीत. उन्हाळ्यात भर दुपारी विस्तव पेटवू नये. रस्त्यांवर, चौकांत, वेशींपाशी पाण्याचे घडे ओळीने मांडून ठेवावेत. साधने न ठेवणाऱ्यास पाव पणाचा दंड सांगितला आहे. पेटलेल्या घराकडे न धावणाऱ्या मालकास बारा पण आणि भाडेकरूस सहा. मला लक्षणीय वाटतो तो पाव पण. रक्कम क्षुल्लक आहे, पण ती आग लागण्याआधी वसूल होते. आपली व्यवस्था नेमकी उलटी आहे. आधी काहीच नाही. नंतर चौकशी आयोग, अटक आणि कोट्यवधींचा दंड.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार अग्निशमन हा नगरपालिकांकडे सोपवता येणारा विषय आहे. त्यामुळे नियम राज्यागणिक बदलतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेचा चौथा भाग सर्वांना मार्गदर्शक असला, तरी राज्याने किंवा पालिकेने स्वीकारल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही. दिल्लीत अग्निसुरक्षा प्रमाणपत्र निवासी इमारतींना पाच वर्षांसाठी आणि इतरांना तीन वर्षांसाठी मिळते. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याने वेगळी वाट धरली. तेथे मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. सहा महिन्यांची ही लय मला तीन-पाच वर्षांच्या मुदतीपेक्षा शहाणपणाची वाटते. तीन वर्षांत एखाद्या मजल्याचे गोदाम होते, गच्चीवर उपाहारगृह उभे राहते, आणि जुने प्रमाणपत्र मात्र वैध असते. दोष वेगळ्या ठिकाणी आहे. प्रमाणपत्र देणाऱ्याचे शुल्क ज्याला ते हवे असते तोच भरतो. अग्निशमन दलाने दाखल प्रमाणपत्रांपैकी काही इमारती पूर्वसूचना न देता पुन्हा तपासल्या नाहीत, तर या पद्धतीत उरतो तो केवळ व्यवहार.

मग खरी तपासणी कशी असते? ती कंटाळवाणी असते. भिंतीवरील पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही, खिळ आणि मोहोर शाबूत आहेत की नाहीत, हे पाहायचे. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो. तो वजन करूनच कळतो. वजनकाटा न आणता या सिलिंडरवर नवी तारीख चिकटवणारा तंत्रज्ञ काय तपासतो, हे त्यालाच ठाऊक. सर्वांत वरच्या मजल्यावरील हायड्रंट उघडून दाब मोजायचा. संहितेप्रमाणे उंच इमारतीत तेथे साडेतीन बार हवा. पंप ‘ऑटो’वर आहे का, हेही पाहायचे. तो आपोआप सुरू होऊन आवाज करतो म्हणून कोणीतरी ‘मॅन्युअल’वर टाकलेला असतो.

आणि दरवाजे. उत्तरेकडील एका राज्यात जिल्हाधिकारी असताना मी रुग्णालये आणि वसतिगृहे यांच्या अनेक पाहण्या केल्या. एका वसतिगृहाच्या मागच्या जिन्याला कुलूप होते. चौकीदाराला किल्ली विचारली, तर तो म्हणाला, “साहेब, किल्ली वॉर्डनबाईंकडे असते. बाई सुट्टीवर आहेत. दार उघडं ठेवलं तर बाहेरची पोरं आत येतात, मग बोलणी मलाच बसतात.” तो खोटे बोलत नव्हता. बंद दारामागे बहुतेक वेळा असेच प्रामाणिक कारण असते: चोरी, छेडछाड, फुकटे प्रेक्षक, कामचुकार मजूर. त्या चौकीदाराला नोटीस देऊन काही साधले नसते. आतून ढकलताच उघडणारा आणि बाहेरून न उघडणारा आडव्या दांड्याचा दरवाजा बाजारात मिळतो. तो बसवायला लागलेल्या पैशासाठी कोणते लेखाशीर्ष वापरावे, यावर तीन आठवडे पत्रव्यवहार चालला. दरम्यान मी रात्रपाळीच्या चौकीदाराकडे दुसरी किल्ली ठेवण्याचा लेखी आदेश काढला. दरवाजा बसला तेव्हा वॉर्डनबाईंची पहिली तक्रार होती, तो फार सहज उघडतो.

२०२० साली अहमदाबाद आणि राजकोट येथील कोविड रुग्णालयांतील आगींनंतर सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा समित्यांनी अशा रुग्णालयांची दरमहा तपासणी करावी, असे निर्देश दिले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२१ मध्ये, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षात दहा बालके दगावली. नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात तशाच कक्षाला आग लागली. अतिदक्षता कक्षात प्राणवायू असतो, रात्रंदिवस चालणारी उपकरणे असतात आणि स्वतःहून बाहेर येऊ न शकणारे रुग्ण असतात. अशा जागी विजेच्या भाराची तपासणी अग्निशमन दलाच्या कक्षेबाहेर, विद्युत निरीक्षकाकडे असते. दोन खात्यांच्या दोन फायली, आणि त्या एका टेबलावर क्वचितच येतात.

यासाठी नवा कायदा लागणार नाही. प्रत्येक त्रुटीपुढे ती दूर करण्याची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम लिहावे. न्यायालयाची स्थगिती असेल, तर ती उठवण्याचा अर्ज केव्हा केला तेही त्याच पानावर असावे. आणि ते पान इमारतीच्या प्रवेशद्वाराशी लावावे, लिफ्टच्या परवान्याशेजारी.