चित्रकला शिकताय? मग वही मध्येच मिटू नका

शहापूर/मुरबाड : जूनमध्ये चित्रकलेची नवी वही येते आणि गणपती येईपर्यंत ती दप्तराच्या तळाशी जाते. मोठ्यांचंही तसंच. मोबाईलवर एका मिनिटात हुबेहूब चेहरा काढणारा व्हिडिओ बघायचा, मग आपण बसायचं, नाक वाकडं आलं की ‘आपल्या हातात कलाच नाही’ म्हणायचं. त्या एका मिनिटात कित्येक तासांचं काम पळवलेलं असतं, हे कुणी सांगत नाही.

आपल्याकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. गोल, त्रिकोण, चौकोन आणि तांदळाचं पीठ, एवढ्यावर सवाशिणी भिंत भरतात. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (तेव्हा डहाणूही ठाणे जिल्ह्यातच होता) लहानपणी आई गेल्यावर बोलेनासे झाले होते. जे सांगायचं ते मातीत रेघा ओढून सांगायचे. पुढे लग्नापुरतं न थांबता ते रोज चित्र काढू लागले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तुम्हीही रोजचं ठेवा, पण थोडं. जेवणाआधी पंधरा मिनिटं पुरे. महागडे रंग नकोत, जुन्या वहीची कोरी पानं आणि पेन्सिल चालेल. घरातली एकच वस्तू घ्या, तांब्या म्हणा किंवा सूप, आणि आठवडाभर तीच काढा. खोडरबर लांब ठेवा. चुकलेली रेघ राहू द्या, शेजारी दुसरी ओढा. पानावर तारीख टाका आणि पान फाडू नका. महिन्याने पहिला तांब्या आणि शेवटचा तांब्या शेजारी ठेवून बघा. कुणाच्या शाबासकीपेक्षा हे जास्त कामाला येतं. कंटाळा आला तर बाहेर बसा. आसनगावातून माहुलीचे सुळके दिसतात, देहरीतून गोरखगड-मच्छिंद्रगड. नुसती कडेची रेघ काढली तरी हात वळतो.

शाळेतल्या मुलांसाठी आणखी एक कारण आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा. इंटरमिजिएटला ए श्रेणी आली तर दहावीला ७, बी ला ५ आणि सी ला ३ वाढीव गुण मिळतात. त्यात स्मरणचित्र असतं, म्हणजे बाजार, जत्रा, भातलावणी असं आठवून काढायचं. म्हशाची जत्रा दरवर्षी बघणाऱ्या पोरांना विषय शोधायला लागत नाही. अर्ज शाळेमार्फत भरतात, त्यामुळे शाळा उघडल्यावर लगेच कलाशिक्षकांना तारीख विचारून ठेवा.