बांध कोरलास? मग भर दंड!

शेती असलेल्या घरातल्या कुणालाही विचारा, भावकीत सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होतात? उत्तर ठरलेलं: बांधावरून. नांगरताना एखादा तास शेजाऱ्याच्या बाजूला सरकतो आणि मग मोजणी, तलाठी, तहसील, कोर्ट. दोन पिढ्या तारखा घेत राहतात.

आता एका अशा गावाची गोष्ट ऐका, जिथे बांध कोरण्याचा निवाडा गावातले शेतकरीच करतात. तोही चक्क गावातल्या पबमध्ये बसून! गावाचं नाव लॅक्स्टन. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशरमधलं, नकाशावर शोधावं लागेल इतकं छोटं.

या गावाच्या भोवती तीन मोठी शिवारं आहेत: साउथ फील्ड, मिल फील्ड आणि वेस्ट फील्ड. त्यांच्या आत ना कुंपण, ना झाडांची रांग. एका शेतकऱ्याची जमीन एका जागी सलग नाही, तर पट्ट्यापट्ट्यांनी तिन्ही शिवारांत विखुरलेली. गैरसोयीचं वाटतं ना? पण त्यामागचं लॉजिक बघा. चांगली माती एकाच्याच वाट्याला आणि चिबड दुसऱ्याच्या, असं व्हायला नको. पाऊस जास्त झाला तर सगळ्यांचं थोडं थोडं नुकसान होईल, एकच घर बुडणार नाही.

पीक कोणतं घ्यायचं हेही एकट्याने ठरवायचं नाही. एका शिवारात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं विश्रांतीला. पुढच्या वर्षी चक्र एक घर पुढे. जमीन विखुरलेली असल्यामुळे शेतकऱ्यांची घरं वस्तीवर नाहीत, ती गावातल्या मुख्य रस्त्यालाच लागून आहेत. सगळे एकमेकांच्या डोळ्यांसमोर!

मध्ययुगात इंग्लंडच्या मोठ्या भागात शेती अशीच व्हायची. मग जमीनदारांनी ही सामाईक शिवारं कुंपणं घालून वेगळी करायला सुरुवात केली. 1604 ते 1914 या काळात त्यासाठी पार्लमेंटने 5,200 हून अधिक कायदे केले आणि सुमारे 68 लाख एकर जमीन कुंपणाआड गेली. ज्यांचा गुजारा सामाईक कुरणावर चालायचा, त्यातले कित्येक जण मजूर झाले, शहराकडे गेले.

मग लॅक्स्टन कसं वाचलं? काही थोर विचार वगैरे नव्हता हं. गावात दोन बडे जमीनदार होते आणि कुंपणाच्या खर्चावरून त्यांचं शेवटपर्यंत जमलंच नाही, असं सांगतात. साहेबांच्या भांडणात शिवार वाचलं!

पंच येती शिवारा

नोव्हेंबरच्या अखेरीस, गहू पेरून झाला की पंचांचा दिवस उगवतो. ज्युरी म्हणून नेमलेले शेतकरी त्या वर्षीच्या गव्हाच्या शिवारात उतरतात. पट्ट्यांच्या हद्दी बघतात, खुंट्या ठोकतात. कुणी सामाईक वाटेत नांगर घातला का? कडेच्या गवताच्या पट्ट्या कुणी खाल्ल्या का? या पट्ट्यांना तिथे ‘साइक’ म्हणतात. जिथे नांगर चालवणं शक्य नाही, तिथे त्या राखलेल्या आहेत आणि आज तिथे रानफुलं टिकून आहेत.

फेरी संपली की पबमध्ये जेवण आणि दंडाची यादी. आठवडाभराने भरतं ‘कोर्ट लीट’. तिथे या यादीवर शिक्कामोर्तब होतं. दंडाची रक्कम किरकोळ असते. पण ज्यांच्यासोबत रोज उठबस आहे, त्यांच्यासमोर आपलं नाव निघणं हा खरा दंड!

आणि याला नुसती हौस समजू नका. 1977 मध्ये ब्रिटनने अशा जुन्या गावकोर्टांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनचा अधिकार कायद्याने राखला.

तुम्हाला काय त्याचं?

होस्टेलचा कॉमन फ्रिज आठवा. दूध सगळे घेतात, साफ कुणीच करत नाही. 1968 मध्ये गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाने हेच मोठ्या पातळीवर मांडलं: कुरण सगळ्यांचं असेल तर प्रत्येक जण आपलं एक जनावर जास्त सोडणार आणि शेवटी कुरणच संपणार. उपाय दोनच, खासगी मालकी किंवा सरकारी कडक हात. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अभ्यासक बाईंनी जगभरची उदाहरणं तपासून दाखवलं की तिसराही रस्ता आहे. लोकांनी स्वतः नियम केले, नजरही आपल्यातल्यांनीच ठेवली आणि पहिल्या चुकीला छोटीच शिक्षा दिली, तर सामाईक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकते. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. लॅक्स्टनमध्ये हे तिन्ही नियम आजही चालताना दिसतात.

अर्थात, सगळं गोडगोड नाही. या गावातले शेतकरी कुळं आहेत, मालक वेगळाच. 1952 मध्ये जमीनदाराने हे गाव कृषी मंत्रालयाला विकलं, 1981 मध्ये ते क्राउन इस्टेटकडे गेलं आणि 2020 मध्ये थोर्सबी इस्टेटने, म्हणजे त्याच जुन्या जमीनदार घराण्याच्या इस्टेटने, परत घेतलं. मालक बदलला की पंचांच्या पोटात गोळा येणारच. शिवाय मोठ्या ट्रॅक्टरच्या जमान्यात विखुरलेल्या पट्ट्या कसणं परवडायला हवं आणि ते कसणारी तरुण पोरंही हवीत. ती नसतील तर कायदा असूनही कोर्ट रिकामंच.

तेव्हा रूममेट्ससोबत फ्रिजवरून पुढचा वाद झाला की वॉर्डनकडे धावण्याआधी एक करून बघा. नियम तुम्हीच लिहा, आळीपाळीने पंच नेमा, दंड दहा रुपये ठेवा. आणि यादी मोठ्याने वाचा!