‘सॉ हिम गो’ : गोष्ट कालची, मग ‘वेन्ट’ का नाही?

कर्जत–खोपोली भागातील एका शाळेत आम्ही विज्ञानाचे काही प्रयोग दाखवायला गेलो होतो. मधल्या सुट्टीत नववीतल्या एका मुलीची इंग्रजीची वही सहज चाळायला घेतली. आदल्या दिवशी कर्जत स्टेशनवर काय पाहिले, ते तिने लिहिले होते. एक वाक्य होते, ‘वी सॉ द इंजिन वेन्ट.’ त्यातील ‘वेन्ट’वर लाल फुली मारून शिक्षकांनी ‘गो’ लिहिले होते. मुलगी म्हणाली, “सर, इंजिन तर कालच गेलं. मग ‘गो’ कसं?” तिला वर्गात मिळालेले उत्तर होते, “इंग्रजीत तसंच असतं, पाठ कर.”

खरे पाहता तिचा प्रश्न अगदी तर्कशुद्ध आहे. काल घडलेल्या गोष्टीला क्रियापदाचे दुसरे रूप, हा नियम तिने नीट लावला होता. तर्काने चालणाऱ्या मुलाला ‘पाठ कर’ म्हटले, की ते पुढचा प्रश्न विचारत नाही. इंग्रजीच्या तासाला लागलेली ही सवय मग विज्ञानाच्या तासालाही दिसू लागते. म्हणून हा प्रश्न आपण थोडा सोडवून पाहू.

उत्तर मराठीतच आहे

कर्जतला जड गाड्यांना मागून रेटा देणारी जादा इंजिने जोडतात. रेल्वेची माणसे त्यांना ‘बँकर’ म्हणतात. 1863 साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या मार्गावर काही ठिकाणी दर 37 फुटांना 1 फूट इतका चढ आहे. इंजिन जोडणे, गाडी सुटणे, गाडी घाट चढणे हे सगळे या भागातल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातले. तेव्हा उदाहरणेही तिथलीच घेऊ.

आम्ही गाडी जाताना पाहिली.
आम्ही गाडी जाताना पाहतो.
आम्ही गाडी जाताना पाहू.

या तीन वाक्यांत काय बदलले आणि काय तसेच राहिले? प्रयोगात आपण हाच प्रश्न विचारतो. ‘पाहणे’ बदलले, ‘जाताना’ जागचे हलले नाही. ‘गाडी गेली पाहिली’ असे कोणी म्हणत नाही. गाडी जाणे ही कालचीच घटना असली, तरी काळ सांगण्याचे काम ‘पाहिली’ने एकदा केले आहे. ‘जाताना’ने ते पुन्हा करण्याची गरज नाही.

इतर क्रियापदे घेऊन पहा. ‘त्याला जाऊ दिले’, ‘त्याला जायला लावले’, ‘त्याला जायला सांगितले’. दिले, लावले, सांगितले ही भूतकाळी रूपे. पण दुसऱ्या माणसाचे काम ‘जाऊ’, ‘जायला’ असेच राहते. ‘त्याला गेला लावले’ असे पहिलीतले मूलही बोलत नाही.

इंग्रजीत नेमके हेच घडते. ‘वी सॉ हिम गो’, ‘वी लेट हिम गो’, ‘वी मेड हिम गो’, ‘वी टोल्ड हिम टु गो’. पहिले क्रियापद बोलणाऱ्याचे, काळ त्याच्याकडे. दुसरे क्रियापद ‘हिम’चे, ते काळाशिवाय, मूळ रूपात. म्हणजे मुलीला ‘पाठ’ करायला सांगितलेला नियम ती घरात रोज पाळत होती. चूक झाली ती ‘काल म्हटले की प्रत्येक क्रियापद दुसऱ्या रूपात’ या अर्धवट सूत्रामुळे.

‘टु’ केव्हा येतो?

पाहणे, ऐकणे, जाणवणे या अर्थांच्या क्रियापदांनंतर आणि ‘मेड’, ‘लेट’नंतर ‘टु’ येत नाही. ‘टोल्ड’, ‘आस्क्ड’, ‘वॉन्टेड’, ‘अलाउड’, ‘फोर्स्ड’ यांच्यानंतर तो येतो. ‘हेल्प्ड’ला दोन्ही चालतात.

यामागे थोडा इतिहास आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाच्या मूळ रूपालाच, आपल्या ‘-णे’सारखा, ‘-अन’ हा प्रत्यय लागे. पुढे शब्दांची अंत्ये झिजली, तसा हा प्रत्ययही गेला. मग मूळ रूप ओळखू यावे म्हणून ‘टु’चा वापर वाढत गेला. ‘सी’, ‘हिअर’, ‘लेट’ अशा फार वापरातल्या थोड्या क्रियापदांजवळ जुनी, ‘टु’शिवायची रचना टिकून राहिली.

वाक्य कर्मणी केले, की मात्र ‘मेड’जवळही ‘टु’ परत येतो : ‘शी वॉज मेड टु राइट’.

करायला लावण्याच्या छटाही मराठीवरून समजतात. लिहायला लावले म्हणजे ‘मेड हर राइट’. लिहू दिले म्हणजे ‘लेट हर राइट’. सांगून लिहून घेतले म्हणजे ‘हॅड हर राइट’. मनवून लिहायला तयार केले म्हणजे ‘गॉट हर टु राइट’. यातील ‘हॅड’ मुलांना फसवतो. तो पूर्ण भूतकाळाचा वाटतो आणि मुले पुढे ‘रिटन’ लिहून मोकळी होतात.

मराठीत हेच काम क्रियापदाच्या पोटातही होते : बसणे–बसवणे, पडणे–पाडणे. यांना आपण प्रयोजक क्रियापदे म्हणतो. ‘प्रयोजक’ हा शब्द पाणिनीच्या व्याकरणात आहे. इंग्रजीतही अशा काही जुन्या जोड्या उरल्या आहेत : सिट–सेट, राइज–रेज. पण तशा नव्या जोड्या इंग्रजी आता बनवत नाही. ते काम ‘मेड’ आणि ‘लेट’ करतात.

पाहिले की कळले?

‘पाहणे’ आणि ‘ऐकणे’ यांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ गुणांचा राहत नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या उतारावरील इरशाळवाडीवर दरड कोसळली. त्या रात्री वाडीत असलेला माणूस म्हणेल, “डोंगर कोसळताना ऐकला.” सकाळी पनवेलला बातमी समजलेला माणूस म्हणेल, “डोंगर कोसळल्याचे ऐकले.” दोघांनीही ‘ऐकले’च, पण पहिल्याच्या कानांवर तो आवाज पडला, दुसऱ्याच्या कानांवर ती बातमी. इंग्रजीत पहिल्याचे वाक्य ‘आय हर्ड द हिल कम डाऊन’, तर दुसऱ्याचे ‘आय हर्ड दॅट द हिल हॅड कम डाऊन’.

‘दॅट’ आला, की पुढे स्वतंत्र उपवाक्य सुरू होते आणि त्याला स्वतःचा काळ लागतो. ‘दॅट’ नसेल आणि ‘हिम’, ‘हर’ असेल, तर दुसऱ्या क्रियापदाला काळ नसतो. पंचनाम्यात आणि न्यायालयात साक्षीदाराला याच फरकावर प्रश्न विचारले जातात.

प्रयोगवहीतही तेच. मीठ विरघळताना पाहिले, की दहा मिनिटांनी आल्यावर मीठ विरघळल्याचे दिसले? पहिले निरीक्षण, दुसरा अनुमान. दोर तुटताना पाहिला तर ‘सॉ द रोप ब्रेक’. तुटलेला दोर पाहिला तर ‘सॉ द रोप ब्रोकन’. इथे ‘ब्रोकन’ हे तिसरे रूप आहे. दुसरे रूप ‘ब्रोक’ दोन्हीकडे चालत नाही.

एका ठिकाणी मात्र मराठी आपल्याला पुरी पडत नाही. ‘सॉ हिम क्रॉस द रिव्हर’ म्हणजे तो पलीकडे पोचेपर्यंत पाहिले. ‘सॉ हिम क्रॉसिंग’ म्हणजे तो मध्ये असताना पाहिले, पुढचे माहीत नाही. ‘ओलांडताना’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरता येतो. पावसाळ्यात उल्हास नदी भरून वाहत असेल, तर हा फरक मुलांना वेगळा समजवावा लागणार नाही.

वर्गात करून पहा

एका विद्यार्थ्याला फळ्याकडे जाऊन स्वतःचे नाव लिहायला सांगा. बाकीच्यांनी पाहिले, ऐकले, सांगितले, लावले, दिले ही क्रियापदे वापरून आधी मराठीत वाक्ये करावीत आणि न बदलणाऱ्या शब्दाखाली रेघ मारावी. मगच इंग्रजीकडे वळावे.

या दोन्ही तालुक्यांत कातकरी आणि ठाकर वाड्यांवरून येणारी मुले आहेत. त्यांची घरची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी आहे. ‘तुझ्या घरी हे कसं म्हणतात?’ असे विचारून त्यांची वाक्येही फळ्यावर लिहा. कोणता शब्द काळाप्रमाणे बदलतो, हे त्या मुलांनाच शोधू द्या. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. पण घरच्या भाषेचा आधार घेतल्याशिवाय ही वर्षे नुसत्या पाठांतरात जातात.

त्या मुलीला आम्ही एवढेच करायला लावले. ‘जाताना’खाली रेघ मारून तिने स्वतःच ‘वी सॉ द इंजिन गो’ लिहिले. मग थोडा विचार करून विचारले, “सर, ‘दे लेट द ट्रेन गो’ यात भूतकाळ कुठे आहे?” ‘लेट’ची तिन्ही रूपे सारखीच असतात, ‘पुट’ आणि ‘कट’चीही. तिथे ‘यस्टर्डे’सारखा शब्द किंवा मागचेपुढचे वाक्यच काळ सांगते. पण हे सांगायच्या आधी वर्गाला दोन मिनिटे शोधू द्यावे.