पावसाचा गज आखूड झाला, पण दुकानदाराचे नुकसान दुसरीकडेच आहे

दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर हवामान खात्याचा अंदाज येतो. यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस, असे एक वाक्य वर्तमानपत्रात छापून येते आणि त्यावर बाजार हलू लागतो. ताडपत्रीवाला माल मागवतो, कापडवाला खेड्यातल्या गिऱ्हाइकाला उधारी द्यायची की हात आखडायचा हे ठरवतो, लूम कारखानदार सुताचा सौदा करतो. पण ही सरासरी कोणत्या वर्षांची, हा प्रश्न कोणी विचारत नाही. एरवी कापड मोजून घेताना आपण आधी गज तपासतो. पावसाच्या बाबतीत मात्र गज दुसऱ्याचा, मोजणाराही दुसरा आणि आपण निमूट मान डोलावतो.

हा गज मधल्या काळात आखूड झाला आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची देशाची सरासरी पूर्वी १९५१ ते २००० या पन्नास वर्षांवरून काढत आणि ती ८९ सेंटिमीटर धरत. २०२० साली १९६१ ते २०१० ही वर्षे घेतली, तेव्हा ती ८८ झाली. एप्रिल २०२२ मध्ये खात्याने १९७१ ते २०२० चा हिशेब मांडला आणि आकडा ८७ वर आला. म्हणजे ८७ सेंटिमीटर पाऊस जुन्या गजाने सुमारे ९८ टक्के भरला असता, तो आता पुरा शंभर टक्के भरतो. वर्षभराची सरासरीही ११७६.९ मिलिमीटरवरून ११६०.१ वर उतरली. यात लबाडी कसलीच नाही. दर दहा वर्षांनी मोजमाप नव्याने घेण्याची जगभर रीत आहे. एवढेच की, मागच्या वर्षांच्या टक्केवारीशी आजची टक्केवारी ताडून पाहणाऱ्याने गज कोणता ते आधी पाहावे.

मग देशाचा पाऊस आटत चालला आहे का? आमचे उत्तर, तसे म्हणता येत नाही. हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने १८७१ पासूनची देशाच्या पावसाची मालिका लावून ठेवली आहे. ती पाहिली तर पाऊस सरळ उतरत गेलेला दिसत नाही, भरती-ओहोटीसारखा हेलकावे खातो. विसाव्या शतकाची पहिली तीस वर्षे कोरडी गेली. त्यानंतर साधारण चाळीस वर्षे पाऊस चांगला झाला. १९७१ च्या दशकापासून पुन्हा उतरता काळ लागला, त्यातच १९७२, १९७९, १९८७, २००२, २००९ हे दुष्काळ आले. २०३१ नंतरचे दशक पुन्हा ओले असावे, असा खात्याचा कयास आहे. आपल्या वाडवडिलांना हे हेलकावे ठाऊक होते. मान्सून हा शब्दच मुळी अरबी ‘मौसिम’वरून आला. अरब खलाशी आणि सौदागर याच वाऱ्यांच्या हिशेबाने गलबते हाकत.

वार्षिक बेरजेत फरक दीड-दोन टक्क्यांचा. एवढ्याने कोणाचे दिवाळे निघत नाही. नुकसान होते ते पाऊस पडण्याच्या तऱ्हेने, आणि ती तऱ्हा बदलली आहे.

मध्य भारतातल्या १९५१ ते २००० च्या नोंदींचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. मुसळधार पावसाचे प्रसंग वाढले आणि बेताच्या, मुरणाऱ्या पावसाचे घटले, असे त्यात निघाले. दोन्हींची वजाबाकी झाल्यामुळे बेरीज जागच्या जागी राहिली. कारण साधे आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. अरबी समुद्रही तापला आहे. बाष्प साठत राहते आणि मग एकदम रिकामे होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. नुसत्या वार्षिक बेरजा पाहणाऱ्याला तो दिवस दिसणारच नाही.

कोकणातल्या आमच्या वाचकांना २०२१ आठवत असेल. २१ जुलैला बकरी ईद झाली आणि दुसऱ्या दिवशी चिपळूण, महाड पाण्याखाली गेले. बाजारपेठेतल्या तळमजल्यांवर माल होता तो तिथेच राहिला. त्या वर्षी देशाचा पाऊस सरासरीच्या ९९ टक्के होता. कागदावर याहून साधे वर्ष शोधून सापडणार नाही!

उलट बाजूही पाहा. २०२३ साली जुलैत देशभर पाऊस बरा झाला, आणि दुकानदारांनी उधारीच्या वह्या उघडल्या. पुढचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, नेहमीपेक्षा ३६ टक्के कमी. हंगामाची बेरीज ९४ टक्क्यांवर थांबली. ऑक्टोबरात महाराष्ट्र सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. शेतकरी गिऱ्हाईक असलेल्याची वसुली त्या दिवाळीला कशी झाली असेल ते सांगायला नको.

तारखाही सरकल्या आहेत. खात्याने २०२० साली पावसाच्या येण्याजाण्याच्या नेहमीच्या तारखा बदलल्या. मुंबईत येण्याची १० जूनची ११ जून झाली, म्हणजे जवळपास तीच राहिली. जाण्याची मात्र २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर झाली. हे नऊ-दहा दिवस ज्यांचा धंदा उन्हावर चालतो त्यांना विचारा. रंगाऱ्याचे कापड, मासळीवाल्याचे बोंबील, वीटभट्टीवाल्याच्या थापलेल्या कच्च्या विटा, सगळे त्यात अडकते. आणि नेहमीची तारीखही हमी देत नाही. २०२५ साली पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. ७ जूनला बकरी ईद होती. कातडीच्या व्यापाऱ्याला पाऊस आणि ईद एकत्र आले की मीठ अगोदर भरून ठेवावे लागते, नाहीतर ओली कातडी हातची जाते. त्याच वर्षी सप्टेंबरात बीड, धाराशिव, सोलापूरकडे पूर आले. एरवी टँकरची वाट पाहणारा तो मुलूख.

प्रांताप्रांताचा हिशेबही निराळा आहे. १९८९ ते २०१८ या तीस वर्षांत उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, मेघालय आणि नागालँड या पाच राज्यांचा पावसाळी पाऊस लक्षणीय घटल्याचे खात्यानेच नोंदवले, तर सौराष्ट्र-कच्छकडे तो वाढला. भिवंडी आणि मालेगावच्या लूमवरचे कितीतरी कामगार उत्तर प्रदेश-बिहारमधले. तिकडचे भाताचे रान कोरडे राहिले की कामगार गावी किती दिवस राहील, पैसा किती पाठवावा लागेल, हे बदलते. कारखानदाराने हेही ध्यानात घ्यावे.

तेव्हा देशाचा टक्का वाचून माल भरू नये, असे आमचे मत आहे. आपल्या तालुक्याची पावसाची रोजची नोंद राज्याच्या कृषी खात्याकडून मिळते. ती महिन्यावारी वहीत उतरवून आपल्या विक्रीशेजारी मांडली तर तीन-चार वर्षांत बरेच उलगडते. शेतकऱ्याला द्यायची उधारी एकदम न देता जुलै आणि ऑगस्टच्या अखेरीस, दोन हप्त्यांत ठरवावी. गोदामात खालचा थर लाकडी फळ्यांवर ठेवावा आणि कापडाच्या गाठी, सूत, कागद जूनपूर्वीच वरच्या मजल्यावर न्यावे.

विम्याची गोष्ट वेगळी. अनेकांकडे पॉलिसी असते, पण ती आगीची म्हणून घेतलेली, आणि हप्ता कमी व्हावा म्हणून पुराचे कलम काढून टाकलेले. पूर ओसरल्यावर हे समजते. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी विमा कंपन्यांना द्यावी लागते आणि तिच्यात पुराची जोखीम धरलेली आहे. विम्याबाबत ज्यांच्या मनात संकोच असेल त्यांनी आपल्या जाणकार उलेमांना विचारावे, तो विषय आमचा नाही. पण ज्यांच्याकडे पॉलिसी आहे, त्यांनी ती मे महिन्यात कपाटातून काढून कलमे वाचावीत.