डोंगरी सायकलीच्या फोर्काची निगा

अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस मरिन नांवाचा डोंगराळ जिल्हा आहे. १९७६ सालीं तेथील कांहीं हौशी तरुणांनीं जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन एका कच्च्या उतारावर शर्यती लावण्यास आरंभ केला. त्या सायकलींना पॅडल उलटें दाबून लागणारा ब्रेक असे. उतार संपेपर्यंत तो इतका तापे कीं, मागल्या चाकाच्या हबमधील वंगण जळून त्याचा धूर होई आणि तें पुन्हां भरावें लागे. या पुन्हां भरण्याला इंग्रजींत ‘रीपॅक’ म्हणतात. म्हणून त्या वाटेचें नांवच ‘रीपॅक’ पडलें. डोंगरी सायकल आणि वंगणाची काळजी यांचा संबंध असा आरंभापासूनचा आहे.

त्या काळीं सायकलीचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचें चाक ज्या दोन पायांमध्यें बसवलेलें असतें तो भाग, अगदीं ताठ असे. दगडाचा प्रत्येक दणका थेट मनगटांना बसे. १९८९ सालीं पॉल टर्नर यांनीं स्थापन केलेल्या रॉकशॉक्स कंपनीनें दणके गिळणारा फोर्क पुढें आणला, व १९९० सालीं कोलोरॅडोंतील डुरँगो येथें झालेल्या जागतिक स्पर्धेंत उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्ड यांनीं तसाच फोर्क वापरून जिंकली. आज पुण्यामुंबईच्या घरांतूनहि अशा सायकली दिसतात आणि सुटीच्या दिवशीं सह्याद्रीच्या वाटा तुडवून, चिखल किंवा धूळ अंगावर घेऊन परततात. परत आल्यावर त्यांचें काय करावें, हा प्रश्न त्यामुळें घरगुती झाला आहे.

प्रथम या फोर्काची घडण पाहूं. हँडलाखालच्या आडव्या भागांत दोन गुळगुळीत नळ्या घट्ट बसवलेल्या असतात. त्यांचा व्यास बहुधा ३२ ते ३८ मिलिमीटर असतो. या नळ्या खालच्या दोन रुंद पायांत वरखालीं सरकतात. आंत एका बाजूस दाबलेली हवा किंवा पोलादी स्प्रिंग दणका झेलते. दुसऱ्या बाजूस तेल बारीक छिद्रांतून जातांना तिच्या उसळीला आवर घालतें. खालच्या पायांच्या तोंडाशीं रबराचें एक कडें असतें. त्याला सील म्हणतात. त्याच्या खालीं तेलानें भिजलेली स्पंजाची चकती असते. सीलाची पातळ कड नळीला सतत चिकटून धूळ बाहेर आणि तेल आंत ठेवते. फोर्काचें आयुष्य या चिंचोळ्या जागीं ठरतें.

चांगल्या फोर्काच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या असतात. हा धातु मऊ. म्हणून विजेच्या प्रक्रियेनें त्याच्या पृष्ठभागावर कठीण ऑक्साइडचा थर चढवतात. त्या थराची जाडी मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी लागते. कशिमा या नांवाच्या जपानी प्रक्रियेंत तर थराच्या सूक्ष्म छिद्रांतून मोलिब्डेनम डायसल्फाइड हें घर्षण कमी करणारें द्रव्य भरलेलें असतें. वाटेवरच्या धुळींत मात्र गारेचे तीक्ष्ण कण असतात. नळीवरच्या तेलकट अंशाला ते चिकटतात, सीलाच्या कडेंत अडकतात, आणि प्रत्येक हेलकाव्याबरोबर नळी घासूं लागतात. थर झिजला कीं खालचा मऊ धातु उघडा पडतो, तेल पाझरतें आणि पाणी आंत शिरतें. ओरखड्याची गोष्ट याहून वाईट; कारण त्याची उचललेली धार दर खेपेस सीलच कापीत जाते. सील बदलणें फारसें महाग नाहीं. परंतु नळ्या वरच्या भागांत दाबून बसवलेल्या असल्यानें एक नळी बिघडली तरी बहुधा तो सगळा भाग बदलावा लागतो, आणि तो खर्च कित्येकदां नव्या फोर्काच्या जवळ जाऊन पोंचतो.

मग नळ्या झांकून कां टाकूं नयेत? हा विचार पूर्वीं अनेकांनीं केला. जुन्या फोर्कांवर हार्मोनियमच्या भात्यासारखे रबरी घड्यांचे मोजे असत. दिसण्यांत ही योजना उत्तम. पण बारीक धूळ व ओल त्यांच्या आंतहि शिरते, आणि एकदां शिरली कीं डोळ्यांना दिसत नाहीं. न दिसणारी घाण पुसली जात नाहीं. त्यामुळें चांगल्या फोर्कांवरून ते मोजे बहुतेक गेले. नळी उघडी असावी आणि ती पुसलेली असावी, हेंच खरें रक्षण होय. टायरानें उडवलेला चिखल नळ्यांच्या मागल्या बाजूस बसूं नये म्हणून लहानसा मडगार्ड अवश्य लावावा. मात्र तो नळीला घासत नाहीं, हें पाहावें. खालच्या पायांवर पारदर्शक चिकटपट्टी लावण्यास हरकत नाहीं. सरकणाऱ्या नळीवर ती कधींहि लावूं नये.

प्रत्येक फेरीनंतर मऊ, स्वच्छ फडक्यानें दोन्ही नळ्या चोहोंबाजूंनीं पुसाव्यात. मागली बाजू विसरूं नये. मग ब्रेक धरून हँडल पांच-सहा वेळां खालीं दाबावें. सीलामधून काळसर रेघ वर येईल. तीहि पुसून घ्यावी. धुणें झाल्यास बादलीचें पाणी आणि मऊ ब्रश पुरे. जोराच्या फवाऱ्यानें पाणी व माती सीलाच्या आंत ढकलली जाते. साखळीचें तेल किंवा जाड ग्रीज नळीवर चोळल्यास धूळ अधिकच धरते. सायकल बरेच दिवस उभी असेल, तर कांहीं मिनिटें उलटी ठेवावी, म्हणजे स्पंजाच्या चकत्या पुन्हां भिजतात. हायड्रॉलिक ब्रेक असल्यास निघण्यापूर्वीं ते दाबून तपासावेत. मोटारीवर दोन सायकली एकत्र बांधतांना एकीचें पॅडल दुसरीच्या नळीस लागूं नये म्हणून मध्यें जाड कापड घालावें.

इतकें करूनहि ओरखडा पडलाच, तर त्यावरून नख फिरवावें. नख न अडल्यास कांहीं करूं नये. अडल्यास अत्यंत बारीक, २००० नंबरचा पॉलिश कागद पाण्यांत भिजवून फक्त उचललेली धार हलक्या हातानें मोडावी. आजूबाजूचा थर घासूं नये. उरलेली खांच नखांना लावण्याच्या रंगानें भरून वाळल्यावर सपाट करावी. हा उपाय तात्पुरता आहे. नळीला पोंचा किंवा तडा दिसल्यास सायकल न चालवतां कारागिराकडे न्यावी. तेथें प्रश्न पैशांचा नसून जिवाचा असतो.

खालचे पाय उतरवून आंतील तेल बदलण्यास रॉकशॉक्स कंपनी दर ५० तासांची मुदत सांगते. दर रविवारीं चार तास सायकल चालवणाऱ्याच्या घरीं ही मुदत सुमारें तीन महिन्यांत भरते. पावसाळ्यांत तर त्याहून लवकर उघडलेलें बरें. सायकल ठेवण्याच्या जागीं एक फडकें टांगून त्याशेजारीं भिंतीवर तासांचा हिशेब लिहीत गेल्यास ही तारीख चुकणार नाहीं.